ठेंगणा गहू, ठेंगणा भात: हरितक्रांतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरितक्रांती म्हणजे नेमकं काय झालं?

१९६० ते १९८० या काळात मेक्सिको, भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांत गहू आणि भात ही दोन पिकं पिकवण्याची पद्धत मुळापासून बदलली. ठेंगण्या वाणांचं बियाणं, रासायनिक खत, हमखास पाणी आणि खात्रीचा भाव या चार गोष्टी एकत्र आल्या आणि एकरी उत्पन्न झपाट्याने वाढलं. हे नाव १९६८ साली अमेरिकेच्या परदेशी मदत विभागाचे प्रमुख विल्यम गॉड यांनी एका भाषणात वापरलं आणि तेच रूढ झालं.

भारतापुरता आकडा सांगायचा तर १९६४-६५ साली देशात गव्हाचं उत्पादन १ कोटी २३ लाख टनांच्या आसपास होतं. १९७०-७१ साली ते २ कोटी ३८ लाख टनांवर गेलं, म्हणजे सहा वर्षांत जवळपास दुप्पट. आज देश वर्षाला साधारण ११ कोटी टन गहू पिकवतो.

गहू ठेंगणा करून उत्पन्न कसं वाढतं? उंच पीक जास्त जोमदार नसतं का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लेखांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

जुने देशी गहू चार-साडेचार फूट वाढायचे. आपल्या जमिनीत, थोड्या ओलीवर आणि शेणखतावर ते बरे यायचे. पण नत्राचा डोस वाढवला की ते आणखी उंच व्हायचे, ओंबी भरून जड झाली की बारीक काडीला तिचा भार पेलवायचा नाही, आणि एका वावटळीत सगळं पीक आडवं व्हायचं. पीक लोळलं की दाणा नीट भरत नाही, कापणी अवघड होते आणि खाली ओल असेल तर दाणा खराब होतो. म्हणून शेतकरी खत घालायला कचरायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. अडाणीपणा म्हणून त्याच्यावर ठपका ठेवणाऱ्यांनी त्या वाणाची मर्यादा पाहिलीच नाही.

ठेंगण्या गव्हाची काडी आखूड आणि ताठ. झाडाने तयार केलेलं अन्न काडी उंच करण्यात खर्च होत नाही, ते दाण्यात उतरतं. जुन्या वाणांत जमिनीवरच्या एकूण वजनापैकी साधारण एक तृतीयांश दाणा असायचा, नव्या वाणांत तो निम्म्याच्या जवळ पोचला. शिवाय फुटवे जास्त. खत घातलं तरी पीक उभंच राहतं, त्यामुळे खतावर केलेला खर्च वसूल होतो.

हे ठेंगणेपण आलं कुठून?

जपानमधून. गोंजिरो इनाझुका नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तयार केलेलं नोरिन-१० हे वाण १९३५ साली तिथे प्रसारित झालं. दारुमा या जपानी बुटक्या गव्हाचा आणि अमेरिकी गव्हांचा तो संकर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, जपानमध्ये नेमणुकीवर असलेले अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ सेसिल सॅल्मन यांच्या नजरेला तो पडला आणि त्यांनी बी मायदेशी पाठवलं. वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा ब्रेव्होर या वाणाशी संकर केला. व्होगेल यांच्याकडून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आलं.

बोरलॉग १९४४ पासून मेक्सिकोत गव्हावरच्या तांबेऱ्याशी झुंजत होते. एका वर्षात दोन पिढ्या हाती याव्यात म्हणून ते एक पीक उत्तरेला सोनोरात, समुद्रसपाटीच्या जवळ, ओलिताखाली घ्यायचे. लगेच त्याचं बी दक्षिणेला टोलुकाजवळ, सुमारे २,६०० मीटर उंचीवर पेरायचे. दिवस लहान असो की मोठा, दोन्हीकडे तगलेली झाडंच पुढे जायची. हेतू होता वेळ वाचवण्याचा. पण त्यातून असे गहू तयार झाले की ज्यांना दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नव्हतं. मेक्सिकोतला गहू लुधियाना, लाहोर आणि तुर्कस्तानात इतक्या चटकन रुजला त्याचं मोठं कारण हे. या रांगड्या शेतकामाचं महत्त्व मला नोबेल पारितोषिकापेक्षा कमी वाटत नाही. (१९७० साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.)

एका माणसाचं नाव पुढे येतं, पण इनाझुका, सॅल्मन, व्होगेल आणि पिढ्यानपिढ्या दारुमा जपणारे जपानी शेतकरी या साखळीतलं एकही कडं निखळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

मेक्सिकोतला गहू भारतात कसा पोचला?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एम. एस. स्वामिनाथन ठेंगण्या गव्हाच्या शोधात होते. त्यांच्या आग्रहाने बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले, गव्हाचा पट्टा फिरले आणि परत जाऊन चार वाणांचं प्रत्येकी १०० किलो बी पाठवलं. चाचण्या झाल्या, मग शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिकं झाली. दिल्लीजवळचं जौंती हे अख्खं गाव बीजोत्पादनासाठी उभं राहिलं. शास्त्रज्ञाच्या प्लॉटवर पीक चांगलं येणारच, असं शेतकरी म्हणतो. शेजाऱ्याच्या वावरात ते पाहिलं की मात्र तो बी मागायला येतो. प्रात्यक्षिकं लहान शेतकऱ्यांच्या रानात घेण्याचा निर्णय म्हणूनच मोलाचा होता.

१९६४ साली चिदंबरम सुब्रमण्यम कृषिमंत्री झाले. नियोजन आयोगात आणि संसदेत विरोध होता: परकीय चलन नाही, खत परदेशातून आणावं लागणार, परक्या वाणांवर रोग पडला तर काय? त्यातच १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन मोसम कोरडे गेले. बिहारमध्ये दुष्काळ पडला. १९६६ साली सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावं लागलं. त्यातलं बहुतेक अमेरिकेकडून पीएल-४८० या धान्यमदतीच्या योजनेखाली आलं, आणि ते जहाजागणिक मोजून-मापून, राजकीय अटी घालत सोडलं जात होतं. त्याच वर्षी भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं.

१९६८च्या उन्हाळ्यात गहू इतका आला की साठवायला जागा पुरेना, काही ठिकाणी शाळा बंद करून वर्गात धान्य भरावं लागलं. त्या वर्षी सरकारने गहू क्रांतीचं टपाल तिकीट काढलं.

मेक्सिकन गहू लाल होता ना? लोकांनी तो खाल्ला?

नाराजीनेच. दाणा तांबूस आणि पोळी आपल्या सवयीची होईना, म्हणून बाजारात भाव कमी मिळायचा. शास्त्रज्ञांनी हे मनावर घेतलं. मेक्सिकोतून आलेल्या सोनोरा-६४ या वाणावर गॅमा किरणांचा वापर करून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा तयार झाला. पंजाब कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अठवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोहून आलेल्या सामग्रीतून निवड करून कल्याणसोना दिला, आणि सोनालिकाही त्याच सुमारास आली. पंजाबपासून बिहारपर्यंत खऱ्या अर्थाने पसरले ते हे भारतीय निवडीचे वाण. आयात केलेलं बियाणं ही नुसती सुरुवात होती.

आणि भात?

भाताचं केंद्र फिलिपिन्समधलं लॉस बान्योस. तिथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. इंडोनेशियातला उंच, जोमदार पेटा आणि तैवानमधला बुटका डी-जिओ-वू-जेन यांच्या संकरातून निघालेला आयआर-८ हा भात १९६६ साली प्रसारित झाला. पीटर जेनिंग्ज, हेन्री बीचेल आणि ते-त्झू चांग ही त्यामागची मुख्य नावं. साधारण १३० दिवसांत तो तयार व्हायचा आणि चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी ९-१० टनांपर्यंत गेला. त्या काळी आशियात हेक्टरी दीड-दोन टन ही नेहमीची गोष्ट होती.

दोष होतेच. दाणा जाड आणि खडूसारखा पांढुरका, शिजवलेला भात गार झाला की टणक. रोगकिडींना हा वाण लवकर बळी पडायचा. पुढे गुरदेव खुश यांच्या हाताखाली तयार झालेल्या आयआर-३६ने (१९७६) प्रतिकारशक्ती आणली आणि पिकाचा काळ ११० दिवसांवर आणला. पीक लवकर निघाल्यामुळे त्याच शेतात दुसरं पीक घेता येऊ लागलं. माझ्या मते भाताच्या बाबतीत मोठा फरक याने पडला, हेक्टरी विक्रमांनी नव्हे.

म्हणजे बियाणं बदललं आणि सगळं झालं?

नाही, आणि हा गैरसमज अजून फार पसरलेला आहे.

ठेंगण्या गव्हाच्या कोंबाचं आवरणही आखूड असतं. जुन्या सवयीने बी खोल गेलं तर ते वर येतच नाही. पाच सेंटिमीटरच्या आसपासच पडावं लागतं. पहिलं पाणी पेरणीनंतर २०-२१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना द्यावंच लागतं. ते चुकलं की फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी पाजलं तरी तूट भरून निघत नाही. हे सगळं शेतकऱ्यांनी नव्याने शिकून घेतलं. एका हंगामात लाखो शेतकऱ्यांनी पेरणीची खोली आणि पाण्याची तारीख बदलली, याची गोष्ट कुणी सांगत नाही.

मग खत. देशात १९६०-६१ साली नत्र, स्फुरद, पालाश मिळून सुमारे ३ लाख टन अन्नद्रव्यं वापरली गेली; १९७०-७१ साली २२ लाख टनांहून अधिक. पाण्यासाठी भाक्रा धरण आणि त्याहून जास्त म्हणजे कूपनलिका. मळणीयंत्रं, ट्रॅक्टर. गावापासून मंडीपर्यंत पक्का रस्ता. आणि सरकारी खरेदी: १९६५ साली अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले, त्यानंतर गव्हाला हमीभाव मिळू लागला. उत्पन्न दुप्पट झालं आणि भाव कोसळला तर पुढच्या वर्षी कोण पेरणार? पंजाबच्या शेतकऱ्याने कर्ज काढून कूपनलिका घेतली ती मंडीत माल उचलला जाईल या भरवशावर.

हे जीएम बियाणं होतं का? की हायब्रीड?

दोन्ही नाही. जनुकीय परिवर्तित (जीएम) पिकांचं तंत्र १९८०च्या दशकातलं, आणि भारतात व्यापारी लागवडीला परवानगी मिळालेलं असं एकच पीक आहे: २००२ पासूनचं बीटी कापूस.

गहू आणि भाताचे हे वाण म्हणजे सरळ वाण, ज्यांना आपण सुधारित जाती म्हणतो. त्यांचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तरी गुण टिकतात. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. तिचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक विषम येतं आणि उत्पन्न घसरतं, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. ज्वारी, बाजरी, मका आणि कापूस यांत हायब्रीड आलं. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण, एच-४, सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिलं. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी १९७०च्या दशकात हायब्रीड भातही यशस्वी केला.

महाराष्ट्रात हरितक्रांती झाली का?

झाली, पण पंजाबसारखी नाही. इथलं मुख्य धान्य ज्वारी-बाजरी, आणि लागवडीखालच्या जमिनीचा जेमतेम पाचवा हिस्सा ओलिताचा.

१९६४ साली आलेली सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी साधारण १०० दिवसांत तयार व्हायची आणि गावठी ज्वारीच्या कितीतरी पट उतारा द्यायची. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तिचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला; त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, आजही राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली आणि परभणी (१९७२) ही चार कृषी विद्यापीठं त्याच काळातली.

अडचण कुठे आली? ज्वारी लवकर निसवली, आणि दाणा पक्व होताना पाऊस चालूच असला की कणीस काळं पडायचं. काळ्या ज्वारीला भाव नाही आणि भाकरीला चव नाही. ताट आखूड, त्यामुळे कडबा कमी. ज्याच्या दावणीला बैलजोडी आणि दोन म्हशी आहेत त्याच्यासाठी कडबा हे अर्धं पीक असतं, आणि संशोधनकेंद्रांनी हे उशिरा ओळखलं. म्हणून रब्बीत मालदांडी या जुन्या वाणाने आपली जागा सोडली नाही. बाजरीच्या सुरुवातीच्या हायब्रीडवर १९७०च्या दशकात केवडा हा बुरशीजन्य रोग पडला आणि पिकंच्या पिकं गेली.

आणि १९७२चा दुष्काळ लक्षात घ्या. हायब्रीड येऊन आठ वर्षं झाली होती, तरी राज्याला मिलो ही परदेशातून आलेली लाल ज्वारी खावी लागली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटावी लागली. पाणीच नसेल तर बियाणं काय करणार?

आफ्रिकेत हे का जमलं नाही?

सहाराच्या दक्षिणेला लागवडीखालच्या जमिनीपैकी ओलिताखाली असलेली जमीन पाच टक्क्यांच्या आसपास आहे. लोक खातात मका, कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद), ज्वारी, बाजरी, रताळी. आणि संशोधन झालं गहू-भातावर. बंदरापासून आतल्या गावापर्यंत रस्ता धड नसल्याने खताची किंमत पोचेपर्यंत वाढते. बोरलॉग यांनी १९८६ पासून जपानी दानशूर र्योइची सासाकावा आणि जिमी कार्टर यांच्या साथीने तिथे काम केलं. प्रात्यक्षिकात मका उत्तम आला, पण खत, कर्ज आणि बाजार यांची साखळी प्रकल्प संपल्यावर टिकली नाही.

जे यशस्वी झालं ते वेगळ्या वाटेने. कसाव्यावरच्या पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त हान्स हेरेन यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या एका परजीवी गांधीलमाशीने केला. शेतकऱ्याला एक पैसाही खर्च आला नाही. आशियाई आणि आफ्रिकी भातांच्या संकरातून मॉन्टी जोन्स यांनी नेरिका वाण तयार केले. आफ्रिका मागे पडली असं म्हणण्याआधी तिच्या पिकांवर किती पैसा खर्च झाला ते विचारावं.

फायदा फक्त मोठ्या शेतकऱ्यांचा झाला का?

सुरुवातीला, हो. बियाणं एका एकरवाल्याला जेवढा एकरी उतारा देतं तेवढाच शंभर एकरवाल्याला. कूपनलिकेचं तसं नाही. ती घ्यायला पत लागते. काही भागांत जमीनमालकांनी कुळं काढून स्वतः कसायला घेतलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लहान शेतकरीही नव्या वाणांवर आले. ज्याला शेतच नाही, त्याला धान्य स्वस्त राहिल्याचा फायदा झाला. पण कोरडवाहू पट्टा मागे राहिला तो राहिलाच.

पाणी आणि कडधान्यांचं नुकसान झालं हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. पंजाबात १९६०-६१ साली भाताखाली सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती; आता ती ३० लाख हेक्टरांच्या वर आहे. भात हे त्या कोरड्या हवेचं पीकच नव्हे. हमीभाव, नक्की खरेदी आणि फुकट वीज यांनी ते तिथे रुजवलं, आणि आज राज्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश तालुक्यांत जमिनीत मुरतं त्यापेक्षा जास्त पाणी उपसलं जातं. २००९ साली भातलावणीची तारीख पुढे ढकलणारा कायदा करावा लागला. लावणी उशिरा म्हणून कापणी उशिरा, आणि गव्हाची पेरणी गाठायची घाई. त्यात भाताची धसकटं जाळण्याचं प्रमाण वाढलं.

डाळींचं म्हणाल तर १९६१ साली देशात माणशी रोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती, २००१ साली ३० ग्रॅम. गहू-भाताला भाव आणि खरेदी, हरभरा-तुरीला दोन्ही नाही. शेतकऱ्याने हिशेब केला. दोष बियाण्याचा नाही, धोरणाचा आहे. स्वामिनाथन यांनी जानेवारी १९६८ मध्येच, यशाच्या ऐन भरात, वाराणसीच्या विज्ञान परिषदेत इशारा दिला होता की जमिनीचा कस, भूजल आणि वाणांची विविधता न सांभाळता केलेली शेती संकट ओढवेल.

कीटकनाशकांशिवाय हे शक्य होतं का?

इंडोनेशियाचं उदाहरण पाहा. तिथे सरकार कीटकनाशकांना भरघोस अनुदान देत असे. फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि ढालकिडे मेले, तपकिरी तुडतुडे मात्र वाढत गेले. १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे अनुदानही काढलं आणि शेतकऱ्यांसाठी बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. भाताचं उत्पादन घटलं नाही.

हरितक्रांती झाली नसती तर लाखो लोक भुकेने मेले असते का?

ठाम आकडे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. १९६७ नंतर पाऊसही परतला होता, आणि दुष्काळात माणसं मरतात ती धान्य असूनही हातात पैसा नसल्यामुळे, हे अनेकदा दिसलं आहे. पण एक हिशेब टाळता येत नाही. १९६४-६५ साली गव्हाचं सरासरी उत्पन्न हेक्टरी ९०० किलोच्या थोडं वर होतं. आज ते साडेतीन टनांच्या आसपास आहे. आजचा गहू जुन्या उताऱ्याने पिकवायचा तर जवळजवळ चौपट जमीन लागली असती. ती जंगलं आणि गायरानं मोडूनच मिळाली असती, आणि धान्यासाठी आपण अजूनही बंदरावर जहाजाची वाट पाहत असतो.

माझ्या घरच्या पोळी-भाताशी याचा काही संबंध आहे का?

थेट आहे. आपल्याकडे लोकवन म्हणून विकला जाणारा लोक-१ गहू गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाला. त्याच्या वंशावळीत सोनालिका आहे. मावळातला इंद्रायणी हा आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर, म्हणजे वास आंबेमोहोराचा आणि उतारा फिलिपिन्सच्या ठेंगण्या भाताचा. गोव्यात पिकणारा ज्योती हाही केरळच्या जुन्या भाताचा आणि आयआर-८चा वंशज.

घरचं बियाणं ठेवलं तर चालतं का?

गहू, भात, सोयाबीन, हरभरा यांच्या सरळ वाणांचं चालतं. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी छापील ब्रँडच्या पिशवीत मात्र विकता येत नाही. भेसळ झाडं फुलोऱ्यातच उपटून टाका, मळणी वेगळी करा, दर तीन वर्षांनी प्रमाणित बियाणं घेऊन बदला. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून, गुंडाळून, सावलीत ठेवा आणि आठवड्याने कोंब मोजा. गव्हाचे ८५, सोयाबीनचे ७० उगवले तर बिनधास्त पेरा. सोयाबीनचे ६०-६५ आले तर बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबाने वाढवा, आणि त्याहून कमी आले तर ते बी बाजूला ठेवा.